दोन दिवसांत सहा ठिकाणं

लेकीचा मेसेज आला तेव्हा आत्या बटाटे सोलत होती. दीडशे मुलींच्या मेसचे बटाटे म्हणजे हात कोपरापर्यंत ओले, म्हणून फोन भाजी चिरणाऱ्या बाईने उचलला आणि मेसेज बातम्या दिल्यासारखा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. आई, दोन दिवस ये. शनिवारी सकाळी आरशांचं कॉफी हाउस, मोठ्या खिडक्या, निवांत. दुपारी बागेला लागून असलेलं शांत उपाहारगृह. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा चहा, मऊ सोफ्यांवर. रात्री लॉजच्या गल्लीतली घरगुती खानावळ. रविवारी सकाळी पाण्याकाठचा नाश्ता, आणि दुपारी पुस्तकांच्या सहवासात गच्चीवरचं जेवण.

"बाई गं," भाजी चिरणारीने फोन पुसून खाली ठेवला, "माझ्या लग्नातसुद्धा दोन दिवसांत एवढं जेवण झालं नव्हतं."

"माझी खारूताई आहे ती," आत्या म्हणाली, आणि उगाच एक बटाटा दोनदा सोलला.

तशी आत्या ती सख्खी कुणाचीच नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा वर्षाची लेक कडेवर घेऊन ती या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आली. तेव्हापासून ती सगळ्यांची आत्या. स्वयंपाकघरामागे एक खोली होती, ती तिचं घर. लेक तिथेच वाढली, तिथेच अभ्यास करून शिकली आणि शहरात सहलींच्या एका ऑफिसात लागली. शनिवार-रविवार शहरात येणाऱ्या लोकांनी कुठे खावं, कुठे प्यावं, याची पत्रकं लिहायचं तिचं काम. आत्याला या कामाचं फार हसू यायचं आणि त्याहून जास्त कौतुक वाटायचं. जेवायचं कुठे हेसुद्धा माणसं विचारून ठरवतात, आणि सांगणारीला पगार मिळतो!

आता मेस कंत्राटदाराकडे चालली होती. त्याची स्वतःची माणसं होती, स्वतःची यंत्रं होती, बटाटे सोलायचंसुद्धा. एकतीस तारखेला खोली रिकामी करायची होती. रेक्टर बाई मनाने चांगल्या. त्यांनी कंत्राटदाराशी भांडून एक जागा राखली होती: वरकामाला एक बाई, आणि कोठीच्या खोलीत एक खाट. "आत्या, मानाचं नाही, पण डोक्यावर छप्पर आहे. गुरुवारपर्यंत सांगा," असं त्या म्हणाल्या होत्या. आत्याने भावालाही फोन केला होता. फोन भावजयीने घेतला. ती फार गोड बोलली आणि मग म्हणाली, "किती दिवसांसाठी म्हणालात?" त्यावर आत्याने तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

लेकीचा मेसेज आला तो बुधवारी. गुरुवारी सकाळी आत्या रेक्टर बाईंकडे गेली आणि खाट नको म्हणाली. "लेक आहे ना शहरात. चांगलं चाललंय तिचं." हे सांगताना तिचा आवाज जरा जास्तच मोठा झाला, व्हरांड्यातल्या दोन मुलींना ऐकू जाईल इतका. संध्याकाळपर्यंत ती खाट भाजी चिरणाऱ्या बाईने घेतली. तिलाही दुसरं काय होतं?

शनिवारी पहाटेच्या बसमध्ये आत्याने एक वाक्य घोकायला घेतलं. "मी तुझ्याकडे राहायला येऊ का?" हे फारच नागडं वाटलं. "तुझ्या स्वयंपाकघराची काय दशा असेल देव जाणे, चार दिवस येऊन बघते," हे बरं होतं, पण चार दिवसांच्या पुढे काय? "म्हातारी झाले गं मी," हे तिलाच पटेना. शेवटी तिने ठरवलं की रविवारी दुपारी, गच्चीवर, पोटभर जेवण झाल्यावर विचारायचं. भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं.

स्टँडवर लेक उभी होती. वाळली होती, पण तिच्या वयाच्या सगळ्याच वाळतात, आत्याने मनाशी म्हटलं. पाठीला एवढी मोठी बॅग कशाला, असं विचारल्यावर लेक म्हणाली, लॉजवर राहायचंय ना, म्हणून कपडे. घरी का नाही? तर घरी रंगकाम चाललंय, वासाने डोकं उठतं. लॉजचा मॅनेजर जुन्या ओळखीचा, त्याने एक रात्र खोली अशीच दिली होती.

"रंग कुठला देतायत?" आत्याने विचारलं.

लेक क्षणभर थांबली. "पांढराच," ती म्हणाली.

आरशांचं कॉफी हाउस होतं खरंच आरशांचं. लेकीने खिडक्या सोडून तिला थेट मागच्या कोपऱ्यात नेलं, खांबाआडच्या टेबलाशी. कॉफी आली, अंडं आणि पाव आला. आत्याने सवयीने पाव बोटाने दाबून पाहिला. कालचा होता. अंडं जास्त शिजून कडेला हिरवं पडलेलं. तिने विचारलं, इथलं विशेष काय? लेक म्हणाली, इथे अकरापर्यंत कुणी उठवत नाही. अकरानंतर ऑफिसवाले येतात, मग नजर टाकायला लागतात. आणि या टेबलाला प्लग आहे. बोलता बोलता तिने फोन लावलाही होता.

आत्याला वाटलं, बरोबरच आहे, पत्रकं लिहिणारीने सगळं बघायचं असतं.

दुपारचं बागेला लागून असलेलं शांत उपाहारगृह म्हणजे मोठ्या इस्पितळाचं कँटीन निघालं. बाग होती, नाही असं नाही. तिच्यात दोन व्हीलचेअरी होत्या आणि सलाईनची काठी घेऊन फिरणारा एक गृहस्थ. आत्या दारातच थबकली. "अगं, आपल्या दोघींपैकी कोण आजारी आहे ते तरी सांग." लेक हसली, अगदी लहानपणीसारखी, तोंडावर हात धरून. म्हणाली, सूप घेऊन तर बघ. सूप म्हणजे मक्याच्या पिठाचं गरम पाणी होतं आणि त्यात एक गाजर पोहत होतं, बिचारं एकटंच. आत्याने ते पूर्ण प्यायलं. लेकीने मात्र सूप, भात, बटाटे सगळं न बोलता, न थांबता संपवलं आणि पावाचे दोन तुकडे कागदी रुमालात गुंडाळून बॅगेच्या बाजूच्या खणात ठेवले. इतक्या सराईतपणे, की तिचे डोळे तेव्हा दुसरीकडेच बघत होते.

आता आत्याचा एक स्वभाव होता. अठ्ठावीस वर्षं तिने परत आलेली ताटं पाहिली होती. कोण घरच्या आठवणीने खात नाहीये, कोण परीक्षेत नापास झालीये, कुणाचं कुठे जमलंय, हे तिला ताटावरून रेक्टर बाईंच्या आधी कळायचं. आणि अधूनमधून एखादी मुलगी असायची, जिच्या ताटात शीतसुद्धा उरायचं नाही आणि जिच्या खिशात पाव असायचा. तिची फी थकलेली असायची, किंवा सुट्टीत जायला घर नसायचं. आत्या अशा मुलीला काही विचारत नसे. नुसती एक पळी जास्त वाढत असे.

इथे पळी तिच्या हातात नव्हती. तिने आपला पाव लेकीच्या ताटात सरकवला. "मला दातांना लागतो," ती म्हणाली. तो पावही रुमालात गेला.

"इथलं काय लिहिशील पत्रकात?" आत्याने विचारलं.

"इथे कुणीच विचारत नाही, तू कोण," लेक म्हणाली. "सगळ्यांना वाटतं, आत कुणीतरी आपलं आहे."

संध्याकाळचा चहा फर्निचरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर. विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर बसून चहा प्यायचा. लेकीला तिथला कुठला सोफा नजरेआड आहे ते ठाऊक होतं. चहा कसा आहे हे काही ठाऊक नव्हतं, कारण तो कडू झालाय हे तिच्या लक्षातही आलं नाही. समोर दुकानाने एक खोटी खोली मांडली होती, खोट्या खिडकीसकट, आणि पलंगावर घडी न मोडलेली चादर. लेक त्या खोलीकडे बघत चहा पीत होती. आत्या लेकीकडे बघत होती. ओला हात सतत साबणात असला की बोटांच्या पेरांना ज्या भेगा पडतात, त्या लेकीच्या हातांना होत्या. पत्रकं लिहून अशा भेगा पडत नाहीत. स्वतःच्या हातांवर आत्या त्या रोज बघत होती.

रात्री खानावळीत दोघी जेवल्या. दमलीस का, असं दोघींनी एकमेकींना दोन-तीनदा विचारलं. लॉजवर गेल्यागेल्या लेक पलंगावर आडवी झाली आणि बूट काढायच्या आत झोपली. बूट आत्याने काढले.

रविवारी सकाळी आत्याला जाग आली ती साबणाच्या वासाने. खोलीभर कपडे वाळत घातले होते. खुर्चीवर, कपाटाच्या दारावर, खिडकीच्या कडीला, आरशावर. दोन दिवसांचे नव्हे. थंडीचा स्वेटर होता, उन्हाळ्यातले कुडते होते, मोजे, टॉवेल, बेकरीचं नाव छापलेला एक पांढरा अॅप्रन. एका माणसाचे वर्षाचे सगळे कपडे. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता.

आत्या पलंगाच्या काठावर बसून राहिली. ज्याला घर असतं तो लॉजमध्ये स्वेटर धूत नाही, हे कळायला ताटं वाचावी लागत नाहीत.

लेक बाहेर आली, हातात आणखी दोन पिळलेले कपडे. आईला जागी बघून तिने ते पाठीमागे घेतले, लहान मुलीने मोडलेलं खेळणं घ्यावं तसे.

"कधीपासून?" आत्याने विचारलं.

लेकीने कपडे खिडकीच्या गजावर घातले, कोपरे ताणून सारखे केले. मग तिकडेच तोंड करून सांगितलं. सहलींचं ऑफिस आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं. खोली पाच महिन्यांपूर्वी सुटली. सकाळी तीन तास बेकरीत ट्रे धुते, दुपारी मिळेल ते. कामं तासांवर मिळतात, खोली तासांवर मिळत नाही. मैत्रिणीचा नवरा फिरतीवर असतो, तेव्हा चार रात्री मैत्रिणीकडे. तो घरी असला की स्टँडवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय केलं असतंस? झोप घालवली असतीस." लेक वळली. "दोन दिवस तुला हिंडवायचं होतं, आई. पत्रकात लिहायचे तसं. एकदा तरी."

आत्याने तिला जवळ घेतलं. तिच्या ओल्या केसांतून लॉजच्या साबणाचा वास येत होता. घोकलेलं वाक्य कुठेतरी आत जाऊन बसलं आणि तिने त्याच्यावर झाकण ठेवलं. आता विचारायचं काही उरलं नव्हतं. आता फक्त संध्याकाळच्या बसपर्यंत चेहरा सांभाळायचा होता.

पाण्याकाठचा नाश्ता पोहण्याच्या तलावाच्या कँटीनमध्ये झाला. तिथे अंघोळीला गरम पाणी असतं, हे आज लेकीने लपवलं नाही. उलट, सांगायला कुणीतरी मिळाल्यासारखी ती बोलत सुटली. बाराला लॉज सोडला. अर्धे कपडे ओलेच होते. त्यांच्या घड्या करून दोघींनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले.

गच्चीवरचं जेवण म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं उपाहारगृह, सहाव्या मजल्यावर. खालचे पाच मजले पुस्तकं, हाच तो सहवास. पण जेवण खरंच चांगलं होतं. तळलेला मासा ताजा होता आणि भात मोकळा. दोन दिवसांत पहिल्यांदाच आत्याला एखाद्या स्वयंपाक्याला भेटावंसं वाटलं. लेकही सावकाश जेवली. तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. सांगून टाकल्यावर माणसाला येतो तसा. आत्या ते बघून आतल्या आत घाबरली, कारण त्या रंगामागून काहीतरी येत होतं.

"आई," लेक म्हणाली, "मी तुझ्याकडे येऊन राहिले तर?"

आत्याने चमचा खाली ठेवला.

"सहा महिने म्हण. मागच्या खोलीत आपण दोघी, पूर्वीसारख्या. मेसमध्ये भांडी घासीन. रेक्टर बाई मला नाही म्हणायच्या नाहीत. लाज वाटत होती म्हणून आले नाही इतके दिवस. आता तुला कळलंच आहे, तर लाज कसली?"

मेसच्या वाढपाच्या खिडकीत आत्या अठ्ठावीस वर्षं उभी राहिली होती. कुणी कितीही उशिरा येवो, पाऊस, संप, गॅस संपलेला असो, संपलं हा शब्द तिच्या तोंडून कधी गेला नव्हता. कुठून तरी काहीतरी निघायचंच.

"खोली गेली गं," ती म्हणाली.

लेकीला वाटलं, आई थट्टा करतेय. ती हसायलाही लागली. मग आत्याने सगळं सांगितलं. कंत्राटदार, बटाटे सोलायचं यंत्र, एकतीस तारीख, मामींचं गोड बोलणं. रेक्टर बाईंनी देऊ केलेली कोठीतली खाटही सांगितली. ती मात्र सांगायला नको होती.

"मग घ्यायची होतीस ना ती खाट. का सोडलीस?"

"तुझा मेसेज आला होता," आत्या म्हणाली.

तोंडातून गेलं ते गेलं. समोर लेकीचा चेहरा आधी काहीच न कळल्यासारखा झाला, मग हळूहळू कळल्यासारखा. आत्याने दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि घाईघाईने बोलू लागली. तसं नाही, खाट काय, ती ढेकणांची होती, कोठीत उंदीर, आणि कंत्राटदाराच्या हाताखाली आत्या थोडीच टिकली असती. सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं," लेक म्हणाली.

"वाटलं की. चांगले दोन दिवस वाटलं. सगळ्या वसतिगृहाला सांगून आले मी."

"परत माग ती खाट."

"ती आता दुसरीची आहे. तिलाही कुणी नाही."

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब आलं. संध्याकाळी कुठे जायचं यावरून त्यांच्यात लाडिक भांडण चाललं होतं. वेटर ताटं उचलून घेऊन गेला. मासा आवडला का, असं त्याने विचारलं, आणि आत्याने मनापासून हो म्हटलं. मग त्याचा हात कपांकडे गेला तेव्हा लेकीने आईचा कॉफीचा कप स्वतःकडे ओढून घेतला.

"थोडी तळाशी राहू द्यायची," ती हळू आवाजात म्हणाली. "रिकामा दिसला की उठवतात."

आत्याने मान हलवली.

"वेटिंग रूमचं तुला सांगून ठेवते," लेक म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. कुणाला तरी रस्ता सांगावा तसा. "भिंतीलगतचा बाक घ्यायचा. दाराजवळ वारा लागतो. पहारेकरीण सहाला बदलते, दुसरी बरी आहे. ती तिकीट मागते, पण वयस्कर बाईला फार खोदून विचारत नाही. तू असलीस तर मलाही विचारणार नाही. लेकीला सोडायला आले म्हणायचं. नाहीतर मी म्हणेन, आईला न्यायला आले."

"भिंतीलगतचा," आत्या म्हणाली. "सहाला बदलते."

"स्वयंपाकाचं कामही शोधीन तुझ्यासाठी. इथे कुणी साठीच्या बाईला लगेच ठेवत नाही, पण शोधीन."

"माझी भांडी आहेत मोठी. दोन पातेली माझी स्वतःची."

"ती नको आणूस, आई. ठेवायची कुठे?"

आत्याला ते लक्षात आलं नव्हतं. ज्या पातेल्यांत तिने लेकीच्या वाढदिवसाला अख्ख्या वसतिगृहाला गोड वाढलं होतं, ती आता कुणाला द्यायची याचा तिने तिथेच बसून विचार सुरू केला, आणि तोच विचार सोपा होता म्हणून बराच वेळ करत राहिली.

बस पाचला होती. साडेचारला लेकीने तिला खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि रुमालातला पाव निम्मा दिला. नको म्हणायची ताकद आत्यात नव्हती. लेकीने खालून खिडकीवर हात ठेवला.

"आई, मी थांबत नाही. मैत्रिणीचा नवरा आजच घरी आलाय. रविवारी पाचनंतर भिंतीलगतची जागा मिळत नाही."

"जा," आत्या म्हणाली. "जा, जा. जागा जाईल."

लेक गेली. लांब नाहीच, समोरच. फलाट ओलांडून ती बायकांच्या वेटिंग रूममध्ये शिरली. दार सताड उघडं होतं आणि आतला दिवा लागलेला. भिंतीलगतचा बाक तिला मिळाला. तिने बॅग पायांत घेतली, ओल्या कपड्यांची पिशवी तोंड उघडं ठेवून शेजारी उभी केली, म्हणजे वारा लागेल, आणि पाठ टेकली. मग समोर बघितलं, तर समोर बस.

पाच वाजले, पण ड्रायव्हर आला नव्हता. कंडक्टर खाली उभा राहून कुणाशी तरी वाद घालत होता. बसमधली माणसं कुरकुरायला लागली. आत्या कुरकुरली नाही. वीस-पंचवीस पावलांवर तिची लेक बसली होती. दोघींना एकमेकी स्पष्ट दिसत होत्या. निरोप घेऊन झाला होता, म्हणून हात हलवायचा की नाही ते दोघींनाही कळेना. लेकीने एकदा ओठ हलवून काहीतरी विचारलं, बहुतेक, अजून का नाही सुटली. आत्याने माहीत नाही अशी मान हलवली. मग लेकीने आपली बॅग बाकाच्या एका टोकाला सरकवली आणि एका माणसापुरती जागा कशी होईल ते बघितलं.

झाली. आत्याला बसमधूनही दिसत होतं, नीट झाली.